ताण दिलेल्या मोरपंखीचं बी

सोनईवरून शिंगणापूरला जाताना डाव्या हाताला आमची नर्सरी लागते. पुढं आंबा, पेरू, सीताफळाची रोपं, मध्ये फुलझाडं आणि अगदी मागं, तारेच्या कुंपणाला लागून, बुटक्या मोरपंखींची एक रांग. येणारं गिऱ्हाईक हिंडत हिंडत मागं जातं आणि हमखास विचारतं, ह्या का ठेवल्यात, विकायच्या नाहीत का. मी सांगते, त्या माझ्या लेकीच्या आहेत, तिचा काहीतरी अभ्यास चाललाय. हे खोटं नाही. पण एवढंच खरं असतं तर त्या रांगेजवळून जाताना मला रोज मान दुसरीकडं वळवावी लागली नसती.

त्या रोपांचं जे झालं ते माझ्या हातून झालं. माझ्या लेकीचं जे झालं तेही माझ्याच हातून झालं. रोपांचं सगळ्यांना माहीत होतं. लेकीचं मात्र मी तिला ती पोटुशी होऊन माहेरी येईपर्यंत सांगितलं नव्हतं. तिच्या बापाला, आमच्या मालकांनाही नाही, कुणालाच नाही.

आधी झाडाचं सांगते, ते सांगायला सोपं आहे.

मोरपंखी म्हणजे शाळेत विद्या म्हणून जिची डहाळी पुस्तकात ठेवायचो, तीच. आमच्याकडं तिची जोडीच खपते, घराच्या दोन अंगांना दोन. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, पण चौकटीच्या दोन्ही बाजूंना मोरपंखी लागतेच. तिला फूल असं येत नाही. निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी बारकी बोंडं येतात, ती पिकून तपकिरी झाली की फाटतात आणि आत गव्हाच्या दाण्यासारखं बी निघतं. लेक म्हणते, हे झाड आपल्या लिंब-बाभळीच्या गोतातलं नाहीच, ते देवदार, चीड वगैरे थंड डोंगरातल्या झाडांच्या भावकीतलं. आमच्या फाटकाशी एक मोठी मोरपंखी आहे, नर्सरी सुरू केली तेव्हा मालकांनी लावलेली. तिचंच बी धरून आम्ही रोपं करायचो. पण बोंडं यायची मोजकी आणि मागणी वाढत चाललेली.

आता माझी अक्कल ऐका. नर्सरीच्या आधी आम्ही दोघं डाळिंबाच्या बागेत कामाला होतो. डाळिंबाचा बहार धरायचा तर त्याला ताण देतात. पाणी तोडायचं, बुडाची माती उकरून मुळ्या उघड्या पाडायच्या. पानं गळतात, झाड नुसतं काटक्या होऊन उभं राहतं. मग खत-पाणी दिलं की मरता मरता वाचल्यासारखं अंगभर फुलतं. हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं की माझी खात्रीच होती, झाड ते झाड, सगळ्यांना कायदा एकच. एका दिवाळीनंतर मी मोरपंखीचं पाणी तोडलं. आळं मोडलं, कुदळ घेऊन बुडाशी खणलं, मुळ्या उन्हात टाकल्या. मालकांनी विचारलं, हे काय चालवलंयस, ही काय डाळिंब आहे का. मी म्हटलं, तुम्ही तुमची कलमं बांधा. बाईनं एकदा कुदळ हातात घेतली की आमच्या घरात पुढं कुणी बोलत नाही.

सगळा उन्हाळा ती तशीच उभी होती. पुढं पावसानंही हात आखडता घेतला. आणि नवल काय, त्या वर्षी झाड बोंडांनी लगडलं. डहाळी दिसेना. दिवाळीपर्यंत मी घमेलं भरून बी काढलं आणि येईल त्याला दाखवत सुटले, बघा, ह्याला म्हणतात डोकं. झाडाची मावळतीकडची बाजू तांबूस पडून वाळली होती, तिकडं मी कुणाला नेलं नाही. ती बाजू अजून भरलेली नाही.

डब्यात त्याच झाडाचं आदल्या वर्षीचं थोडं बी शिल्लक होतं. एका वाफ्यात ते टाकलं, शेजारच्या वाफ्यात ताणाचं. माती एक, शेणखत एक, पाणी देणारी बाई एक. दोन्हीकडं उगवण चांगली झाली, रोपं पिशव्यांत गेली. पण ऊन तापायला लागलं तशी गंमत दिसायला लागली. जुन्या बियांची रोपं शेंडे काढत वर चालली होती आणि ताणाच्या बियांच्या रोपांनी फाल्गुनातच शेंडे मिटून घेतले. वाढ बंद. पाणी हवं तेवढं होतं, सावलीची जाळी होती, तरी नाही म्हणजे नाही. मी जादा खत घातलं, युरियाचं पाणी सोडलं, शिव्या पण घातल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. गिऱ्हाईक येऊन उंच उंच निवडून न्यायचं आणि ही बुटकी मागं राहायची. पाडव्याला सगळी उकिरड्यावर टाकायची असं मी ठरवलं आणि कामाच्या धबडग्यात राहून गेलं.

त्याच उन्हाळ्यात डीपी जळाली. मोटर बंद, बोअर बंद, नवा ट्रान्सफॉर्मर आज येतो, उद्या येतो. टँकर आणला तो आंब्या-पेरूच्या कलमांना पुरला नाही. मोरपंखीला कोण विचारतंय. वीज आली तेव्हा उंच रोपं हात लावला की झडत होती, चहाच्या चोथ्यासारखी. आणि शेजारची माझी नकोशी, धुळीनं माखलेली, पण हिरवी. बोटानं डहाळी चोळली तर ओला वास आला. मला आनंद व्हायला हवा होता. मला कसंतरीच झालं, भीती वाटल्यासारखं, आणि का ते तेव्हा कळलं नाही.

लेक त्या वेळी कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीला घरी आली तर पिशव्या तिथंच पडलेल्या. तिनं बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. काय केलं होतंस, कधी केलं होतंस, पाणी कुठल्या महिन्यात तोडलं, बोंडं कधी धरली, असं तीन-तीनदा विचारून घेतलं आणि मग ओट्यावर बसून आम्हा दोघांना सांगायला लागली. थंड मुलखात ह्या झाडांच्या भावकीवर पुष्कळ लोकांनी काम केलंय म्हणाली. एकाच आईझाडाचं बी, पण एक गारव्यात पिकलेलं आणि एक उबेत पिकलेलं. पुढं रोपं मोठी झाली तरी शेंडा कधी मिटायचा हे ती वेगवेगळं ठरवतात, बी पिकताना आईला जशी हवा लागली तसं. बियात जे लिहिलेलं असतं ते बदलत नाही, अक्षर न् अक्षर तेच. वर फक्त खुणा पडतात.

मालकांना काही कळलं नाही. मग तिनं आमच्याच पिशव्यांकडं बोट केलं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायकांना पाट्या वाचत बसायला वेळ नसतो, म्हणून मी पिशवीवर रंगाचा ठिपका देते. निळा असला तर रोज पाणी, लाल असला तर एक दिवसाआड. लेक म्हणाली, पिशवी तीच, माती तीच, आत रोपही तेच, पण बाई ठिपका बघते आणि त्याप्रमाणं वागते, हो ना? झाडाच्या आत असेच ठिपके पडतात. ताण बसला की काही ठिकाणी लाल ठिपका पडतो, आणि तो कधी कधी पुढच्या पिढीला तसाच जातो. हे मालकांना पटकन समजलं. ते हसले आणि म्हणाले, म्हणजे तुझ्या आईनं झाडाला रंग लावला.

लेक मात्र शिकलेली, लगेच पाय मागं घेतला. म्हणाली, हा पुरावा नाही, नुसती शंका आहे. जुनं बी डब्यात किती दिवस होतं, वाऱ्यानं पराग कुठून आले, रोपं किती थोडी, हे सगळं बघावं लागतं. आणि मग, उठता उठता, रोपाची डहाळी हातात घेऊन ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही.

"आईनं सोसलेलं बी विसरत नाही."

साधं बोलली ती. मला उद्देशून नव्हतंच. पण माझ्या तोंडातून भलताच आवाज निघाला. झाडाचं झाडापाशी ठेव म्हटलं, भाकऱ्या गार होतायत, गप जेवायला चल. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

कारण सांगते.

मी पाथर्डीकडची. लग्न झालं त्या वर्षापासून आम्ही ऊसतोडीला जायचो. दसरा झाला की टोळी निघायची, कारखान्याच्या मुलखात उसाच्या पाचटाची झोपडी, कोपी म्हणतात तिला, बांधायची आणि उसाचं गळीत संपेस्तोवर तिथंच संसार. लेक पोटात राहिली ते वर्ष दुष्काळाचं होतं, हे खरं. गावाकडं प्यायला पाणी नव्हतं. पण आम्ही तोडीवर होतो, पाटाचं पाणी होतं, पीठ-मीठ होतं. पोटभर नाही पण दोन वेळचं होतं. लेक जन्मली ती एवढीशी, सुपात ठेवली तर सूप रिकामं दिसायचं. रडायची तेही मांजराच्या पिलाएवढं. लोक विचारायचे, पोर एवढी बारीक कशी. मी सांगायचे, दुष्काळ होता हो. सगळे मान हलवायचे. दुष्काळावर ढकललं की कुणी पुढं विचारत नाही.

खरं असं होतं की मी जेवले नव्हते. मुद्दाम.

आदल्या गळितात आमच्या टोळीतली एक बाई बाळंतपणात गेली. मूल मोठं होतं, अडलं. बैलगाडीतून नेईपर्यंत संपलं सगळं. मी तिचा हात धरून गाडीत बसले होते, एकोणीस वर्षांची मी. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले तेव्हा त्या हाताशिवाय दुसरं काही आठवायचं नाही. टोळीत एक वयस्क बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, दहा-वीस बाळंतपणं केलेली. ती म्हणाली, पोट तंगवून धर, लेकरू बारीक ऱ्हायलं तर सुटका लवकर हुती. आमच्याकडच्या पुष्कळ बायका असंच करायच्या, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. मी ते देवाचा शब्द असल्यासारखं पाळलं. मालकांनी भाकरी पुढं केली की म्हणायचे, मी खाल्लं मघाशी, तुम्ही खा. दिवसभर वाकून ऊस तोडायचा आणि अर्ध्या भाकरीवर झोपायचं. मालक भोळे, त्यांना खरंच वाटायचं.

सुटका लवकर झाली. मी वाचले, ती वाचली. पण ती कधी भरलीच नाही. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, उंचीनं. मुलं तिला दुष्काळी म्हणून चिडवायची आणि तीही हसून म्हणायची, हो, मी दुष्काळातलीच. घरात आम्हीही लाडानं तसंच म्हणायचो. मी पण म्हणायचे. एवढं निगरगट्ट माणूस होऊ शकतं.

म्हणून तिचं ते वाक्य मला लागलं. डाळिंबाचा कायदा मी आधी मोरपंखीला लावला असं सगळ्यांना वाटत होतं. त्याच्या किती आधी मी तो पोटातल्या पोरीला लावला होता, हे एकटीला माहीत.

लेकीनं ती बुटकी रोपं कुंपणालगत जमिनीत लावून घेतली. एक वही केली. नोकरी लागली, लग्न झालं, नगरला राहायला गेली, तरी महिन्या-दोन महिन्यांनी येऊन ती पट्टीनं मोजायची आणि कुठल्या रोपाचा शेंडा कधी मिटला ते लिहायची. जुन्या बियांच्या उंच रोपांतली दोन-चार वाचली होती, तीही शेजारी लावलेली, ताडून बघायला. मी लांबून विचारायचे, काय म्हणतायत. ती सांगायची, ताणाची अजून आधीच मिटतायत, पण दरवर्षी दोघांतलं अंतर थोडं थोडं कमी होतंय असं वाटतं. एकदा मी विचारलं, हे शहाणपण म्हणायचं की खोड? ती म्हणाली, पुन्हा दुष्काळ पडला तर शहाणपण, आणि चांगला पाऊस झाला तर नुसती खोड, दुसरी वाढून जातात आणि ही घाबरून बसलेली असतात. माझं त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

मागच्या पौषात ती बाळंतपणाला आली. सातवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही नवं नाही. नेवाशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नाव घातलं. त्यांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. आमच्या दोन्हीकडं कुणाला साखर नाही. बाईंनी लेकीला विचारलं, तुमचं स्वतःचं जन्माचं वजन किती होतं. लेक माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, दुष्काळातली आहे मी, तेव्हा कुणी मोजलं. बाई म्हणाल्या, फार बारीक जन्मलेल्या मुलींना पुढं गरोदरपणात असं होताना दिसतं कधी कधी, त्याचंच हे असेल असं नाही, पण लक्ष ठेवू. घाबरायचं नाही. थोडं थोडं, वेळेवर खायचं, गोड बंद, आणि उपाशी अजिबात राहायचं नाही. ते शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी खुर्चीत बसून पिशवीचे बंद पिळत होते. तिथंच सांगायला हवं होतं. परतीच्या टेम्पोत सांगू म्हटलं, तर तिथं चार लोक. घरी येऊन सांगू म्हटलं, तर चहा टाकायचा होता. माणसाला सांगायचं नसलं की चहासुद्धा महत्त्वाचा होतो.

चार-पाच दिवस गेले. ती रोज सकाळी रांगेपाशी क्रेट उपडं टाकून बसायची, वही मांडीवर. मी तिथंच ताट नेऊन द्यायचे, अर्धी ज्वारीची भाकरी, मेथी, मटकी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं. ताट रिकामं परत यायचं. मला बरं वाटायचं. पण तिचं तोंड उतरत चाललं होतं. एका सकाळी मी रोपांवर टाकायला गोणपाट उचललं तर खाली भाकरीचे तुकडे, कालचे, परवाचे, मुंग्या लागलेले.

मी तशीच ताट घेऊन आले, तिच्यापुढं धरलं. तिनं वर न बघता सांगितलं.

"मी खाल्लं गं मघाशी. तू खा."

शब्द न् शब्द तोच, आवाजसुद्धा तोच. मी तिला कधी ते शिकवलं नव्हतं. तिच्यापुढं मी कधी ते बोललेही नव्हते, तिच्या जन्मानंतर मला तसं बोलायची गरजच पडली नाही.

आधी माझा संताप संताप झाला. मी गोणपाट उचलून तुकडे दाखवले आणि काय बोलायचं ते बोलले. एवढी शिकलीस, झाडांना काय होतं ते सगळ्या जगाला सांगत हिंडतेस, आणि डॉक्टर उपाशी राहू नको म्हणते तर मुंग्यांना जेवू घालतेस. ती हळूच म्हणाली की साखरेनं बाळ फार मोठं होतं, तिनं वाचलंय. मोठं झालं की अडतं. तिला भीती वाटते.

मी क्रेटशेजारी मातीत बसले. समोर ती बुटकी रांग, शेंडे अजून उघडे होते, पौषाचं कोवळं ऊन होतं. मला वाटलं, आता जर मी चहाचं निमित्त केलं तर मी माणूस नाही.

"हे वाक्य माझं हाय," मी म्हटलं. "तू पोटात हुतीस तवा मी रोज हेच बोलायची."

मग सांगितलं. गाडीतली बाई सांगितली, मावशी सांगितली, अर्धी भाकरी सांगितली. दुष्काळ खरा होता पण तो आपल्या कोपीत आला नव्हता, तो मी आणला, असं सांगितलं. मध्ये मध्ये मी स्वतःची बाजूही घ्यायला गेले, काय करणार, तेव्हा सगळ्याच करायच्या, मला कुठं काय कळत होतं. ते बोलताना माझं मलाच ते ओंगळ वाटलं म्हणून सोडून दिलं. भीती वाटत हुती, एवढंच म्हटलं. लई भीती.

ती रोपांकडं बघत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बोलेल, त्याची मी तयारी केली होती. ती फक्त म्हणाली, शाळेत मी सगळ्यांना सांगायचे गं, दुष्काळातली म्हणून. मी हूं म्हटलं. ती म्हणाली, तू पण म्हणायचीस. मी म्हटलं, व्हय.

मग तिनं वहीचं कोरं पान काढलं. पेन झटकलं. आणि रोपांबद्दल विचारायची तशाच आवाजात विचारलं.

"कितव्या महिन्यापासून?"

"पाचव्या."

तिनं लिहिलं. पाणी पुरेसं होतं का. होतं. काम कधीपर्यंत केलंस. आदल्या दिवसापर्यंत. ती लिहीत गेली, मी सांगत गेले. कोर्टात उभं केल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं, कारण ती दुखवत नव्हती, नुसती विचारत होती. शेवटी तिनं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं की झाडावरून माणसावर अशी उडी मारायची नसते, मार्क कापतात, साखरेला दहा कारणं असतात. पान उलटलं नाही मात्र. तिथंच बोट ठेवून बसली.

मग तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं. भाकरी मोडली, मेथीला लावली आणि जेवायला लागली. सावकाश, एकेक घास चावून. मी उठायला लागले तर तिनं पदर धरला, म्हणून बसले. तिनं मटकीचा शेवटचा दाणा बोटानं टिपला, ताट खाली ठेवलं, हात रोपाच्या बुडाशी धुतला आणि ओल्या हातानंच पुन्हा पेन उचललं. मला वाटलं अजून काहीतरी महिन्याचं, वजनाचं राहिलं असेल.

"आई," ती म्हणाली, "तुला भूक लागायची का गं तेव्हा?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"लागायची," मी म्हटलं. "लई लागायची."